चढणीचे मासे धरण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू विचारलंस की चढणीचे मासे धरायला बाबांनी माळ्यावरून पाग (फेकायचं जाळं) खाली काढलाय, हे पाप नाही का. आणि बाबा, तुमचं मागून ऐकू आलं, "बापजाद्यांपासून धरतोय, आताच कसलं पाप?" फोनवर हे धड बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मासा धरून खाण्यात मला पाप दिसत नाही. नदीकाठच्या घराने नदीतलं खावं, त्यात गैर काही नाही. पण मृगाच्या पहिल्या पावसात चढणारा मासा धरू नये, हे माझं ठाम मत आहे. पाऊस लागायच्या आधी तुम्ही ते ऐकावं, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिला जोराचा पाऊस झाला की पाणी गढूळ आणि गार होतं, ओहोळांना ओढ येते. ती ओढ जाणवली की पोटात गाभोळी (अंडी) भरलेल्या माद्या आणि त्यांच्यामागून नर नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात शिरतात, बहुतेक रात्रीच. खाचरातलं पाणी उथळ, उबदार. पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर आणि त्यांना गिळणारे मोठे मासे कमी. अंडी तिथे पडतात आणि पाणी ओसरायला लागलं की वाढलेली पिल्लं नदीला परत येतात. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. आपल्या ओढ्यातल्या बारक्या माशांत काही हजारच. त्यातली जगतात अगदी थोडी, म्हणून तर एवढी लागतात. मादी चढतानाच टोपलीत गेली तर त्या थोड्यांचाही प्रश्न मिटला. तीच मादी गणपतीनंतर धरली तर तिचं काम झालेलं असतं.

महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, ती याच विचाराने. आपल्या ओढ्यावर विचारायला कोणी येत नाही. म्हणून इथे ज्याने-त्याने स्वतःच थांबायचं.

बाबा, तुम्ही जुन्या माणसांचा दाखला देता, तर मीही देते. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात महसीर मासे आहेत. देवाचे मासे म्हणून लोक त्यांना खाऊ घालतात, धरत मात्र नाहीत. वाड्याकडे वैतरणेवर तिळश्याला तेच. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठे, वीणीचे मासे अशा खोल डोहांतच तग धरतात आणि पावसात तिथूनच सगळीकडे पसरतात. ज्यांनी डोह देवाला दिला, त्यांनी नदीचं बियाणं राखलं. हेही बापजाद्यांचंच आहे, आणि मला ते पागापेक्षा मोठं वाटतं.

मरळ माशाचं तर विशेष सांगायचंय. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा तरंगताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात आणि मधूनमधून श्वास घ्यायला वर येतात. त्या गोळ्यात गळ टाकला की मरळ लगेच धरते. भुकेने नव्हे, पिल्लांवर काही आलं म्हणून. ती गेली की पिल्लांचा फडशा इतर मासे पाडतात. गोळा दिसला तर गळ गुंडाळून दुसरीकडे जावं.

गावातली पोरं बॅटरी आणि कोयते घेऊन ओहोळात उतरतात, त्यांनाही सांगा. कोयत्याचा घाव बसून निसटलेले मासे पुढे कुठेतरी मरतात, ना त्यांच्या पोटात ना आपल्या. बांधाच्या मोरीला आडवा सापळा लावून सगळी वाट बुजवू नये. ब्लीचिंग पावडर, गेळफळ (मासे मारणारं विषारी रानफळ), जिलेटिनच्या कांड्या, विजेची तार यांबद्दल तर बोलायलाच नको. जिलेटिनने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. वर तरंगतात ते हाती लागतात, तळाशी बसलेले कुजतात. विष आणि स्फोटकं 1897 पासून कायद्याने बंद आहेत, तरी चालूच आहे. याचा मला मनापासून संताप येतो.

आता पागाचं. गणपतीनंतर टाकाल तेव्हा बारीक आसाचा, म्हणजे बारीक भोकांचा, नको. आस ताणून धरला की समोरासमोरच्या गाठींत निदान 40 मिलिमीटर अंतर असावं, म्हणजे पिल्लं गळून जातील. जाळं हिसकून ओढू नका. तळाच्या शिशाच्या गोळ्या जमिनीला घासत हळूहळू जवळ येऊ द्या, नाहीतर खालून मासे सुटतात आणि दगडात अडकून दोरे तुटतात. उशिरा विणारी मादी तेव्हाही सापडते. पोट फुगीर आणि मऊ, मागचं भोक लालसर सुजलेलं, बोटाने हलकं दाबलं तर अंडी बाहेर येतात. ती सोडायची. हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे कापसासारखी बुरशी धरते. कल्ल्यात बोट घालू नका. तोंड प्रवाहाकडे करून धरा, ती स्वतः निघून जाईपर्यंत. कल्ल्यातून रक्त येत असेल तर मात्र ती बहुधा वाचत नाही, ती घरी आणा.

आणि आई, हे तुझ्यासाठी. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे टोपलीत तासन् तास जिवंत राहतात. जिवंत असतानाच त्यांना राखेत चोळतात, ते मला बघवत नाही. बाबांना काठावरच सांग: ओल्या फडक्यात घट्ट धरून डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक जोरदार घाव घालायचा. मासा निपचित पडला की लगेच कल्ल्यांच्या मुळाशी सुरी फिरवून रक्त काढायचं. त्याची तडफड वाचते. शिवाय तडफडून मेलेल्या माशाचं मांस लवकर मऊ पडतं, तुकडा कालवणात फुटतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राख नंतर लाव, पकड येण्यापुरती.

रानातल्या सशाचं बाबा विचारत होते. ते नकोच, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि घरात कोंबडी असताना गरजही नाही.

पाग विणायला टाकणार असाल तर आत्ताच सांगून ठेवा, आषाढात विणणाऱ्यांकडे गर्दी असते. जुना बारीक आसाचा माळ्यावर परत ठेवा. पैसे पाठवते.

तुमची लेक