घड्याळ नको, पट्टा घे

गिरगाव, मुंबई
१८ जुलै

प्रिय दिन्या,

'स. न. वि. वि.' लिहिलं असतं तर तू फोन करून शिव्या घातल्या असत्यास, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांकडे बीपीचा वरचा आकडा १५० निघाला, गोळी लगेच नको, आधी आठवडाभर घरी मोजून आणा असं ते म्हणाले, आणि तुझ्या पोरानं लगोलग बीपी, साखर, झोप, पावलं असं सगळं मनगटावर दाखवणारं घड्याळ शोधून ठेवलं. 'तू यंत्रातला माणूस, घेऊ का?' म्हणून विचारतोस. नको घेऊस. म्हणजे वेळ बघायला आणि सोलापुरात मिरवायला खुशाल घे, पण बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं साधं मशीन घे.

कारण सांगतो. घड्याळ कातडीवर उजेड पाडतं, परत येणाऱ्या उजेडावरून नाडीची लाट बघतं आणि त्यावरून दाबाचा अंदाज बांधतं. त्यातली जी जरा प्रामाणिक आहेत ती दर काही आठवड्यांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्या असं सांगतात. म्हणजे पट्टा आणावा लागतोच! मग मधला दलाल कशाला? आणि साखरेचं तर बोलूच नकोस. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मान्य केलेली नाही, वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं मान्य करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलाय. बाजारात मात्र ती विकली जातातच.

पट्ट्याचं मशीन तरी काय करतं? हवा भरून रोहिणी दाबतं, मग हळूहळू हवा सोडतं. रक्ताच्या प्रत्येक ठोक्याला पट्ट्यातली हवा किंचित थरथरते. ती थरथर सगळ्यात जास्त असते तिथे सरासरी दाब धरायचा, आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून कंपनीच्या सूत्रानं काढायचा, असं हे गणित. त्यामुळे दोन कंपन्यांच्या मशीनमध्ये थोडाफार फरक येणारच, त्याला घाबरू नकोस. मात्र ठोकेच अनियमित पडत असतील तर सूत्र गडबडतं. पडद्यावर तशी खूण वारंवार आली तर डॉक्टरांच्या कानावर घाल.

तुला गंमत वाटेल, या पट्ट्याचा मूळपुरुष आपल्याच जातकुळीचा होता. १८९६ साली इटलीतल्या रिव्हा-रोच्ची नावाच्या डॉक्टरनं सायकलची ट्यूब, शाईची दौत, तांब्याची नळी आणि पारा असली सामग्री जुळवून पहिलं सोयीचं मशीन केलं. त्यावर फक्त वरचा आकडा कळायचा. खालच्या आकड्यासाठी १९०५ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी रशियातल्या कोरोत्कोव्हनं पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकले. दौतीतून बीपी मोजणारा माणूस मला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात भेटायला हवा होता.

आता नीट वाच. तुझा दंड तालमीतला आहे. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. शिंप्याच्या टेपनं दंडाचा मधला घेर मोज, आणि जास्त भरला तर मोठा पट्टा माग. आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो, आणि नसलेल्या बीपीची गोळी माणूस जन्मभर खातो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखूचा बार नको. लघवीला जाऊन ये. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. पट्टा उघड्या दंडावर बांध, सदऱ्याच्या बाहीवर नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात दहा सेंटिमीटर खाली गेला तर केवळ रक्ताच्या वजनानं आकडा सात-आठनं वाढतो. यात वैद्यक काही नाही, शाळेतलं पदार्थविज्ञान आहे. मोजताना बोलायचं नाही. वहिनींशी भांडायचं तर मुळीच नाही.

सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून मोज. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून दे, बाकीच्यांची सरासरी काढ. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी ती १३५/८५ असते, कारण डॉक्टरांचा कोट बघूनच काही जणांचं बीपी चढतं. सगळे आकडे लिही. न आवडलेला आकडा खोडून पुन्हा मोजायची तुझी खोड मला माहीत आहे, कॅरमचा हिशेब तू असाच ठेवायचास. आणि मधेच कधी १८०/१२० च्या वर गेलं, सोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर वही बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठ.

माझं म्हणशील तर सध्याचं मोठं काम म्हणजे आईसाठी मोरीत धरायचा दांडा. तिच्या गुडघ्यांनी आता पूर्ण असहकार पुकारलाय आणि पावसाळ्यात मोरीची फरशी वाळतच नाही. शेजारून मायेनं एक चिकटणारं प्लास्टिकचं हँडल आलं. ते टाइलला धरून बसतं आणि केव्हा सुटेल याचा नेम नसतो. तोल जाताना हातात निघून येणारं हँडल, त्यापेक्षा नसलेलं बरं. मग स्टीलचा दांडा आणला. खोक्यावर १५० किलो छापलेलं. पण ती ताकद दांड्याची, भिंतीची नव्हे, आणि खोकं छापणाऱ्यानं आपली चाळ कुठे पाहिलीय?

तू याच भिंतींना टेकून अभ्यास केलायस. लाकडी सांगाडा, मध्ये विटा, वर चुन्याचा गिलावा. त्यात ड्रिलचा हॅमर चालू केला की सहा मिलिमीटरचं भोक बघता बघता आठचं होतं, नुसती भुकटी गळते आणि स्क्रू धरायला भोकात ठोकलेला गट्टू स्क्रूबरोबर गरागरा फिरतो. इथे हॅमर बंद ठेवून, कमी वेगानं, भुकटीचा रंग बघत आत जायचं. पांढरी आली तर अजून चुन्यातच आहोत. लाल आली तर वीट लागली. आणि तपकिरी भुसा आला तर देव पावला, सागवानी खांब! तिथे गट्टू नकोच, सरळ लाकडाचा स्क्रू. शेल्फ, घड्याळ, आईचा देव्हारा सगळं मी असंच बसवलंय.

पण अख्ख्या माणसाचा भार घ्यायचा तर चुन्यावर भरवसा नको. मोरी आणि स्वयंपाकाची जागा यांच्यामधली भिंत आरपार भोकली, लांब बोल्ट घातले आणि पलीकडून स्टीलची जाड पट्टी लावून नट आवळले. पट्टी दिसते, हो. पण हिनं तिच्यावर लगेच सांडशी आणि किसणी अडकवली, त्यामुळे तक्रार मिटली. उंची ठरवताना पुस्तकातले ८५-९० सेंटिमीटर बाजूला ठेवले. आईला तिथे उभं केलं आणि तिचा हात आपोआप गेला तिथे खूण केली. बरीच खाली आली ती. मग मी दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळलो. आई म्हणाली, 'उतर मेल्या, पडशील.'

बोल्ट नागदेवीतून आणले. ३०४ नंबरचं स्टील घेतलं, कारण साधं लोखंड मोरीत एका पावसाळ्यात गंजतं. तिथे दुकानदार चुंबक लावून दाखवतात, 'बघा, चिकटत नाही, ३०४ आहे.' अरे, २०२ चं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि गंजायला मात्र ते तयार असतं. चुंबकाची परीक्षा खरी, पण प्रश्नच वेगळा. पक्कं बिल आणि ओळखीचं दुकान, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता एक काम सांगतो, ते बीपीच्याही आधी कर. तुझ्या बंगल्यात गिझर आहे, बोअरची मोटर आहे. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, आहे का ते बघ. जादा प्रवाहाला पडणारा एमसीबी आहे म्हणून निवांत राहू नकोस, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. सोळा अँपियरच्या एमसीबीला तुझ्या अंगातून जाणारा प्रवाह कळतही नाही. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपियरला, म्हणजे त्याच्या सुमारे पाचशेव्या हिश्शालाच, क्षणात लाइन तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्याला एकदा दाब आणि पडतो का बघ. एवढंच की बटणानं आरसीसीबी जिवंत आहे हे कळतं, अर्थिंग ठीक आहे हे नाही. ते वायरमनकडून वेगळं तपासून घे. आणि पावसात तो वारंवार पडायला लागला तर त्याला बगल देऊन लाइन जोडणारा वायरमन दारातूनच परत पाठव. कुठेतरी पाणी शिरलंय, तेच तो सांगतोय.

तुझ्या खिशातल्या टेस्टरवरही जाऊ नकोस. त्याचा दिवा लागला म्हणजे फेज आहे, इतकंच. न्यूट्रल तुटलेली असली तरी तो लागतो, आणि माणूस टेस्टर पेटतोय तरी बल्ब का पेटत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर घे. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. मल्टिमीटरही कधी फसवतो बरं का. कशालाच न जोडलेली वायर शेजारच्या वायरीमुळे त्याला साठ-सत्तर व्होल्ट दाखवते. म्हणून मी अजून तारेचा जुना बल्ब होल्डरला लावून ठेवलाय. बल्ब पेटला तर वीज, नाही पेटला तर भूत.

पाण्याचं. तुझ्या व्याह्यांनी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून दाखवला आणि तू आरओ घ्यायला निघालास. तुझ्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांना पांढरं पुट चढतं, तेव्हा तुझ्याकडे आरओला अर्थ असू शकतो. पण मीटर क्षारांची एकूण गोळाबेरीज सांगतो, त्यात फ्लोराइड किती, नायट्रेट किती, हे नाही. आधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली नेऊन दे, मग खर्च कर. आमच्याकडे उलटी गत. भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं, त्याला आरओ कशाला? एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ बंद करा असं हरित लवादानंच २०१९ साली सांगितलं होतं. मुंबईच्या पाण्याला धोका वेगळाच. पाणी ठरावीक वेळीच येतं, बाकी वेळ पाइप रिकामे, आणि जुन्या पाइपाला भोक असेल तर गटारातलं आत ओढलं जातं. जंतूंचा टीडीएस शून्य! मीटर छान आकडा दाखवेल आणि घर जुलाबांनी आडवं होईल. आम्ही पावसाळाभर पाणी उकळतो, संपलं.

पंख्याचं थोडक्यात. हळू फिरतो म्हणून नवा घेऊ नकोस, आधी कपॅसिटर बदल, बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि लोहार चाळीच्या वीजसामानाच्या बाजारात स्वस्तात मिळतो. झोपायच्या खोलीतला पंखा रात्रभर चालतो, तिथे कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा परवडतो. जुना ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. पण याच्यातलं कार्ड गेलं तर कोपऱ्यावरचा मिस्त्री हात वर करतो. म्हणून स्वयंपाकाच्या जागेत मी जुनाच ठेवलाय.

आणि ड्रॉवरमधलं ते करोनातलं ऑक्सिमीटर काढून बघ. पावसाळ्यात सेल पाझरून त्याचे पत्रे हिरवे झाले असतील. सेल काढून ठेव. वापरशील तेव्हा बोट गरम असू दे, वहिनींच्या नखाला रंग नको. लाल आणि अवरक्त अशा दोन उजेडांवर ते चालतं, नखावरचा रंग मध्ये येतो.

बीपीचं मशीन इथे प्रिन्सेस स्ट्रीटला घेऊन कुरिअर करू का? गिरगावात मेट्रो आलीय, पण मी तिकडे चालतच जातो, तेवढेच पाय मोकळे होतात. दंडाचा घेर मात्र तू कळव, त्याशिवाय पट्टा आणणार नाही.

मिठाचं वहिनींशी मीच बोलतो. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडं कमी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड सगळं आलं. तुमच्याकडे एवढं तर नुसत्या ठेच्यात जात असेल. गणपतीला याल तेव्हा शेंगांची चटणी भरपूर आणा, तुझ्या वाटची मी खाईन.

आई आशीर्वाद सांगते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शऱ्या