बंड्यास, सेक्रेटरीकडून

प्रिय बंड्या,

दिवाळीला तुझा एवढा मोठा मेसेज आला आणि मी नुसते जोडलेले हात पाठवले. त्यालाही चार महिने झाले. शिव्या घाल, पण सगळं वाचून झाल्यावर घाल, म्हणजे एकदाच काय त्या होतील. माझी साखर आहे तिथंच आहे, हिचा गुडघाही.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालोय हे तुला माहीत आहे. 'डोंबिवलीत सत्ता आली रे तुझ्या वर्गाची,' म्हणून खिदळला होतास. तर गेल्या महिन्यात मीटिंगपुढे वहीतून फाडलेलं एक पान आलं. चार वॉचमनचा अर्ज, हिंदीत. तीन सह्या, एक अंगठा. आठवड्याला एक भरपगारी सुट्टी द्या, आणि पाळी बदलते त्या दिवशी सलग चोवीस तास थांबावं लागतं ते बंद करा. बारा तासांच्या ड्युटीबद्दल अक्षर नाही. आठ तास मागायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं.

एजन्सीवाला म्हणाला, सुट्टी द्यायची तर बदली माणूस लागेल, फ्लॅटमागे महिना दोनशे दहा रुपये वाढतील. बदली! मी मिनिट्समध्ये तो शब्द लिहिला आणि तुझे तात्या डोळ्यांपुढे आले. पहाटे भोंग्याच्या आधी गिरणीच्या गेटवर, आज कोणी खाडा केलाय का बघत. ब्याऐंशीच्या गिरणी संपात बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी होतीच की.

मग सुरू झालं. परवडत नाही. आज सुट्टी, उद्या बोनस मागतील. बसूनच तर असतात. हे बोलणारे कोण? निम्मे परळ-लालबागचे, गिरणीवाल्यांचीच पोरं. मी गप्प. एजन्सीच बदलायची असा ठराव झाला आणि पत्रावर सही माझी. पंधरा दिवसांत चौघंही गेले. अंगठावाल्याचा स्टीलचा पेला अजून मीटरच्या पेटीवर उपडा आहे. कोणी उचलत नाही, मीही नाही.

आणि वार कुठला होता माहितीय? रविवार. मीटिंग रविवारीच ठेवतो, सगळ्यांना सुट्टी असते ना!

तूच मला चाळीच्या गच्चीवर पकडून विचारायचास, 'रविवार कोणी दिला रे तुला, राणीनं?' मग गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ ला बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार, त्यात दोन बायकांनी उभं राहून भाषणं केली. जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. तेव्हा मी जांभया द्यायचो. पण पाठ झालंय सगळं, तुझ्या कृपेनं. मालक तेव्हा काय म्हणत असतील ते आता मला कोणी सांगायला नको.

तुझं ते लेनिनपुराणही आठवलं. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरण्या सहा दिवस बंद पडल्या आणि तिकडे लेनिननं त्यावर लिहिलं. 'लेनिनला आमचा गिरणी कामगार माहीत होता, तुमच्या डॉक्टरला लेनिन माहीत आहे का?' यावरून आपण दोन महिने बोलत नव्हतो. तात्या लाल बावट्याचे, माझे अण्णा ब्याऐंशीचा संप चालवणाऱ्या डॉक्टर दत्ता सामंतांचे, आणि मार आपण खायचा. डॉक्टरांनी अडीच लाख माणूस खड्ड्यात घातलं हे मला आजही मान्य नाही, सांगून ठेवतो. १९४६ च्या कायद्यानं मान्यता एकाच युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार भलतीकडेच. दुसरं काय होणार होतं? ते जाऊ दे. संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही, म्हणून हिनं दूध आणायला सांगितलं की अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, 'मी अजून संपावर आहे.'

या माणसाचा मुलगा मी. सही करताना पेनसुद्धा अडलं नाही रे.

वर हेही आता कळलं की महाराष्ट्रात सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला तो १९८१ साली, संपाच्या आदल्याच वर्षी. सेक्रेटरीला सहीनंतर कळलं.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याचं कॉलेजचं जमलं असेल. गावच्या घराची कौलं पावसाआधी बघून घे, मागच्या वर्षीसारखं नको.

नव्या एजन्सीचेही चौघंच आहेत, बारा-बारा तास. पुढच्या मीटिंगला विषय परत घ्यायचा तर ठराव मीच मांडायला हवा, आणि दोनशे दहा रुपयांवर मला कोण कोण खाईल त्यांची नावं आत्ताच देतो. तू असतास तर काय बोलला असतास ते लिहून पाठव. भाषण नको, दोन मिनिटांत वाचून होईल एवढंच. लोखंडे आण, लेनिन नको.

फोन मात्र करू नकोस, ही ऐकते. त्या दिवशी मीटिंगमध्ये ती एकटीच उठली होती आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, 'तुमच्या अण्णांना सुट्टी असायची ना हो?' तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं चालू आहे. दूध मीच आणतो.

तुझा,
पक्या