मधुमेहाच्या जाहिराती आणि बेडकीचा पाला

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत एका वनस्पतीतल्या घटकाने उंदरांची साखर उतरल्याची बातमी होती. मथळा होता, ‘मधुमेहींना दिलासा’. त्याच पानावर खाली पाव पान जाहिरात: ‘मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या-इन्सुलिन कायमचे बंद’. सोमवारी काही गिऱ्हाइकं ते पान घडी करून खिशात घालूनच दुकानात आली. फलटणला एसटी स्टँडजवळ माझं मेडिकल आहे, शिक्षण बी. फार्म. बातमी आणि जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे संपादकीय विभागाला ठाऊक असतं. वाचणाऱ्याच्या मनात त्या एक होतात, म्हणून हे पत्र.

झाडपाल्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. कॉलेजात वनौषधींचा विषय माझा सगळ्यात आवडता होता. आमच्या सरांनी एकदा बेडकीचा पाला चघळायला दिला होता. यालाच गुडमार म्हणतात, मधुनाशिनीही म्हणतात. कडवट पान नीट चावून झाल्यावर त्यांनी प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. तोंडात टाकली तर वाळू टाकल्यासारखी लागली. खरखर कळत होती, गोडी अजिबात नाही. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडी ओळखणाऱ्या जागा काही वेळ अडवून ठेवतात, म्हणून असं होतं. मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990 साली याच पाल्याच्या अर्काचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढ वयातला मधुमेह असलेल्या 22 रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज 400 मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून जास्त काळ दिला. साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. बिबळ्याच्या झाडाचंही तसंच. जत्रेत त्याच्या लाकडाचे पेले विकायला असतात, रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बिबळ्याचा, म्हणजे विजयसाराचा, अर्क नुकताच मधुमेह निघालेल्या 97 रुग्णांना देऊन पाहिला आणि 1998 साली निष्कर्ष छापले. बारा आठवड्यांत 67 जणांची साखर आटोक्यात आली.

हे वाचून कुणालाही वाटेल, मग अडलं कुठे? दोन्ही अभ्यासांत औषध घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला काय चाललंय ते माहीत होतं, आणि तुलनेला बिनऔषधाची गोळी घेणारा गट नव्हता. नुकताच मधुमेह निघालेला माणूस घाबरून भात कमी करतो, चालायला लागतो, त्यानेही साखर उतरते. त्यातलं पाल्याचं किती आणि चालण्याचं किती, हे वेगळं काढायला असा तुलनेचा गट असलेली चाचणी लागते. जांभळाच्या बाबतीत ती झाली. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा साखरेवर घेतात, तिथल्या डॉक्टरांनी तो काटेकोरपणे तपासला आणि काहीच परिणाम दिसला नाही. आपल्याकडे बियांची भुकटी घेतात, तीही त्याच कसोटीला लावायला हवी.

उंदरांवरचा प्रयोग ही तर माणसांवरच्या चाचणीच्याही खूप आधीची पायरी. त्यात बहुतेक वेळा उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध टोचतात, त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, मग अर्क पाजतात. आपल्याकडच्या पन्नाशीतल्या माणसाचा मधुमेह असा एका सुईने झालेला नसतो. त्याच्यात इन्सुलिन असतं, शरीर त्याला दाद देत नाही. उंदरावर गुण आलेले किती तरी अर्क माणसापर्यंत पोचतच नाहीत, आणि बातमीत नेमकं हेच वाक्य नसतं.

काउंटरवर मला रोज ऐकू येतं, “ताई, ह्या केमिकलच्या गोळ्यांनी किडनी जाती म्हणं. झाडपाल्याचं काय असंल तर द्या.” ज्या गोळीला लोक केमिकल म्हणतात ती दीड-दोन रुपयांची मेटफॉर्मिन मुळात एका झाडावरून सुचलेली आहे. युरोपात गलेगा नावाचं जांभळट फुलांचं झुडूप होतं. वारंवार लघवी होणाऱ्यांना ते देत असत, आणि ते चरून मेंढ्या मरतात हेही तिथल्या मेंढपाळांना माहीत होतं. त्यातलं गलेगिन साखर उतरवतं हे कळल्यावर 1920च्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं, पण विषारी म्हणून सोडावं लागलं. त्याच्या नात्यातलं मेटफॉर्मिन 1922 साली डब्लिनमध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. पॅरिसच्या झाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले 1957 साली. अमेरिकेत ते दुकानात आलं 1995 साली. त्याच घरातलं फेनफॉर्मिन मधल्या काळात रक्तात आम्ल साचून माणसं दगावू लागल्यामुळे अमेरिकेत आणि अनेक देशांत बंद करावं लागलं. इतकी वर्षं आणि इतकी माणसं खर्ची पडली तेव्हा कुणाला, किती आणि कधी द्यायचं नाही हे ठरलं. किडनी आधीच बिघडली असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करतात, त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला आहे.

डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीचीही गोष्ट अशीच. 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन निघालं. ते दिलं की साखर लघवीवाटे बाहेर पडते, हे 1886 साली लक्षात आलं. पण तोंडाने घेतलं तर आतड्यातच त्याचे तुकडे होतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला एक बंध बदलला आणि ते टिकाऊ केलं. 2020 साली आपल्याकडे पेटंट संपल्यावर किंमत उतरली, आणि आज माझ्या दुकानातून ती गोळी साध्या शेतकऱ्यालाही परवडते. याचा मला मनापासून आनंद आहे.

आता जाहिरातीतल्या भुकट्यांच्या पाकिटांबद्दल. एका आजींना पहाटे घामाने चिंब, बोलताही न येणाऱ्या अवस्थेत दवाखान्यात नेलं, साखर 46 निघाली. नेहमीच्या गोळ्या त्यांनी बंदच केल्या होत्या, घेत होत्या ती फक्त जाहिरातीतली भुकटी. पाकीट मी पाहिलं. त्यावर देवाचं चित्र होतं, फोन नंबर होता. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. नुसत्या पाल्याने साखर इतकी पडत नाही. डॉक्टरांना शंका आली की त्यात साखर पाडणारी गोळी कुटून घातलेली असावी. कुणी तपासलं नाही. दुसरीकडे शाळकरी मुलांचा मधुमेह, ज्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. अशा मुलाचं इन्सुलिन ‘कायमचे बंद’ केलं तर ते थोड्याच दिवसांत अतिदक्षता विभागात जातं, आणि कधी परत येत नाही. त्या ओळीने माझा संताप होतो, आणि तो लपवण्याची मला गरज वाटत नाही.

वनस्पती आहे म्हणून निर्धोक, हाही समज सोडायला हवा. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा होत होता. मुंबईत काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवलं. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दुसरी वेल असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. तो वाद कुणाच्या बाजूने सुटतो हे बाजूला ठेवलं तरी, पाकिटातली वेल कोणती हे विकत घेणाऱ्याला कळत नाही एवढं तर दोन्ही बाजूंना मान्य असावं.

1954च्या औषधे व जादूटोणायुक्त उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचं नाव आहे. तो बरा करण्याची जाहिरात करायला मनाई आहे आणि ती छापण्यात भाग घेणंही त्यात येतं. आपल्या जाहिरात विभागाने एवढं पाळलं तरी माझ्या तालुक्यातले कितीतरी पेशंट गोळ्या सोडणार नाहीत. आणि पुरवणीत वनस्पतींच्या बातम्या जरूर द्या, पण प्रयोग काचेच्या बशीत झाला, उंदरावर झाला की माणसांवर, माणसं किती होती आणि किती दिवस होती, हे पहिल्याच परिच्छेदात द्या. आमच्या राज्यात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, औषधनिर्माणशास्त्राची तर गल्लोगल्ली आहेत. बिबळा आणि बेडकीचा पाला यांची मोठी, नीट चाचणी या तिघांनी मिळून का करू नये, हा प्रश्न आपण आरोग्यमंत्र्यांना विचारावा. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. अशा चाचणीतून स्वस्त औषध निघालं तर पहिली पेटी मी मागवीन.

गिऱ्हाइकांनी आणून दिलेली अशी काही पाकिटं मी जपून ठेवली आहेत. काहींसोबत ज्यात जाहिरात आली ते कात्रणही आहे. आपला बातमीदार आला तर सगळी दाखवीन, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला सोबतही येईन.

आपली,
एक फार्मासिस्ट, फलटण (जि. सातारा)
(नाव छापू नये ही विनंती.)