तासगाव तालुक्यातील आमच्या डॉक्टर मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

पुढच्या आठवड्यात मिरजेला माझी थायरॉईडची शस्त्रक्रिया ठरली आहे. गाठीचा अंतिम अहवाल काय येईल हे आज कोणालाच सांगता येणार नाही. परंतु आपण केलेल्या तपासणीचे आणि लिहून दिलेल्या चिठ्ठीचे ऋण त्या अहवालावर अवलंबून नाही, म्हणून हे पत्र आधीच लिहीत आहे.

मी आपल्याकडे आले ती बसलेल्या आवाजाची तक्रार घेऊन. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या शिक्षिकेचा आवाज बसला तर कोणाला नवल वाटत नाही. घरी ज्येष्ठमध आणि हळद-मिठाच्या गुळण्या सुरूच होत्या. आपण मात्र केवळ घसा पाहून थांबला नाहीत. माझ्या पाठीमागे उभ्या राहून आपण दोन्ही हातांनी मान चाचपली, पाण्याचा घोट गिळायला सांगितला, आणि गिळताना वर सरकणारी उजवीकडची गाठ आपल्या बोटांना लागली. घरात कोणाला थायरॉईडचा कर्करोग झाला होता का, लहानपणी मानेला किरणोपचार दिले होते का, हेही आपण विचारले.

रक्ताचा टीएसएच नॉर्मल आला तेव्हा घरच्यांना हायसे वाटले. त्यावर आपण जे सांगितले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते. ग्रंथीचे काम कसे चालले आहे हे टीएसएचवरून कळते, तिच्यातली गाठ कोणत्या प्रकारची आहे हे कळत नाही. थायरॉईडच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांचा टीएसएच नॉर्मलच असतो. थायरॉईडच्या दहा गाठींपैकी नऊ तरी साध्या निघतात, हेही आपण त्याच वेळी सांगितले, आणि त्या आधारावरच मी सोनोग्राफीला गेले.

सोनोग्राफीत गाठीच्या कडा वेड्यावाकड्या आणि आत कॅल्शियमचे बारीक कण दिसले. सोनोग्राफीवरून गाठ किती संशयास्पद आहे हे ठरवणाऱ्या टीआय-रॅड्स पद्धतीचा 5 वा, म्हणजे सर्वाधिक संशयाचा वर्ग आणि आकार 1 सेंटीमीटरहून मोठा, म्हणून सुईची तपासणी आवश्यक ठरली. येथे आमचे घर अडले, कारण सुई लावली की गाठ पसरते अशी सासूबाईंची ठाम समजूत होती. बाहेर रुग्णांची रांग असतानाही आपण त्यांना शेजारी बसवून घेतले, ती बारीक सुई प्रत्यक्ष दाखवली आणि तिच्यामुळे रोग पसरण्याची शक्यता अत्यंत नगण्य आहे, हे त्यांना पटेपर्यंत समजावले. त्या दिवशी सासूबाईंनीच होकार दिला.

आपली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. गाठ कोणत्या बाजूला, केवढी, मानेत इतर गाठी लागतात का, आवाज कधीपासून बसला, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे त्या एका पानावर होते. मिरजेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ती वाचून त्याच दिवशी दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिले. दोन्ही स्वरतंतू नीट हलत होते. आवाज बसला होता तो वर्गातल्या बोलण्यानेच, गाठीचा त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणजे आपला हात मानेवर गेला नसता, तर आवाजावर उपचार होऊन मी घरी आले असते आणि गाठ तशीच वाढत राहिली असती.

सुईचा अहवाल बेथेस्डा पद्धतीच्या 5 व्या वर्गाचा, म्हणजे कर्करोगाचा दाट संशय असल्याचा आला. नातेवाईक थेट मुंबईला टाटाला नेण्याची घाई करू लागले. थायरॉईडच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार बहुधा सावकाश वाढतो, थायरॉईडच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारे सर्जन मिरजेत आहेत आणि पुढे गरज पडली तर परळच्या टाटाची वाट मोकळीच आहे, हे आपण फोनवर शांतपणे सांगितले. त्यामुळे निर्णय घाबरून घेतला गेला नाही, याबद्दल माझे पती आपले विशेष आभार मानतात.

अंतिम अहवालाची प्रत आपल्याला हवी आहे, असे आपण म्हणाला होता. रुग्णालयातून घरी आल्यावर ती मी स्वतः आणून देईन.

आपली कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षिका
तासगाव तालुका, जि. सांगली