आधी पाकिटावरचं नाव वाच

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानांतली तीन कोलेस्टेरॉलची, म्हणजे आपण म्हातारे झालो हे आता लेखी आलं! शेजारचे काका म्हणतात कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची, वहिनी म्हणतात सकाळी चहाबरोबर, आणि तू मधल्या मध्ये अडकलास. दोघांचंही खरं असू शकतं. आधी चष्मा लाव आणि स्ट्रिपच्या मागच्या बाजूला औषधाचं मूळ नाव बघ.

आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं, आणि ही भट्टी रात्री जास्त पेटते. या गोळ्या ती भट्टी मंद करतात. त्यातलं सिमव्हास्टॅटिन हे औषध दोन-तीन तासांतच रक्तात निम्म्यावर येतं. सकाळी घेतलं, तर भट्टी पेटेपर्यंत औषध ओसरलेलं. 1987 साली अमेरिकेत आलेलं लोव्हास्टॅटिनही रात्रीच्या जेवणाबरोबरच घ्यायचं. काकांचा हट्ट तिथून आलेला. पण अ‍ॅटोरव्हास्टॅटिनला निम्म्यावर यायला सुमारे 14 तास लागतात, रोसुव्हास्टॅटिनला 19. यातलं एखादं असेल तर वहिनींचा चहा जिंकला. जेवणाआधी की नंतर, हाही घोळ नाही.

(या सगळ्या औषधांचं मूळ बुरशीत आहे, माहीत आहे का? जपानच्या अकिरा एन्दोंनी हजारो बुरश्या तपासल्या, तेव्हा 1973 च्या सुमारास त्यांच्या हाती भट्टी मंद करणारा पहिला पदार्थ लागला. लोणच्यावर पांढरं दिसलं की बरणी फेकणारा तू!)

आता माझी फजिती ऐक. मला रोसुव्हास्टॅटिन 10, रात्री झोपताना. गेल्या वर्षी रिपोर्ट काही खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवायला पेन उचललं, तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा, आधी घरातल्या गोळ्या मोजू दे." महिन्याच्या 30 पैकी 11 शिल्लक! मॅच बघता बघता माझा खुर्चीतच डोळा लागायचा, मग तसाच उठून अंथरुणावर, आणि गोळी फडताळात. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, वेळ सकाळची केली. आता स्ट्रिप साखरेच्या डब्याला रबरबँडने बांधलेली असते. चहात साखर घालायची तर गोळी हाताला लागतेच. तीन महिन्यांनी रिपोर्ट उतरला. म्हणून वेळ ठरवताना घड्याळापेक्षा स्वतःचा विसराळूपणा आधी बघ.

एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. दुसरा डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देत असेल तर ही गोळी चालू आहे हे त्याला सांग, काहींचं या औषधांशी जमत नाही. आणि पोटऱ्या, मांड्या उगाच दुखायला लागल्या, तर 'वय झालं' म्हणून गप्प बसू नकोस आणि परस्पर गोळी बंदही करू नकोस. डॉक्टरांना फोन कर. वेळ बदलायची तरी त्यांना विचारूनच.

स्ट्रिपवरचं नाव कळव. आणि मागच्या महिन्यातल्या किती उरल्यात तेही. आकडा वहिनींकडून मोजून घे, तुझ्यावर माझा भरवसा नाही.

तुझा,
अण्णा