सॅलड बिघडते ते पाण्यामुळे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भाजलेल्या भाज्यांच्या सॅलडच्या पाककृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. त्यांत साहित्याची यादी लांबलचक असते, छायाचित्र देखणे असते आणि कृती मात्र ‘भाज्या भाजून पाने व ड्रेसिंगसह एकत्र कराव्यात’ एवढ्या एका ओळीत उरकलेली असते. सॅलड बिघडते ते नेमके या ओळीत, आणि बहुतेक वेळा पाण्यामुळे. एखादा जिन्नस सांगायचा राहिला तरी चालेल. पाण्याचे काय करायचे ते मात्र लिहिले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

गाजर, सिमला मिरची, फ्लॉवर, लाल भोपळा अशा भाज्यांत सुमारे ९० टक्के पाणीच असते. फोडींचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग व वास देणारी मैलार्ड प्रक्रिया तर १४० अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणून ओव्हन २०० ते २२० अंशांपर्यंत आधीच तापवलेला हवा आणि फोडी ट्रेमध्ये एकाच थरात, मध्ये जागा सोडून पसरलेल्या हव्यात. ट्रे गच्च भरला की निघालेली वाफ फोडींमध्येच कोंडते आणि भाज्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. मीठ लावून त्या ताटकळत ठेवल्या तर पाणी सुटते, तेव्हा तेलाचा हलका हात आणि मीठ ट्रे आत सरकवण्याच्या वेळीच लावावे. लिंबू मात्र नंतरच, कारण आंबटपणामुळे भाज्या लवकर मऊ होत नाहीत. बीट व गाजर यांना टोमॅटोपेक्षा बराच अधिक वेळ लागतो, हे उघड असूनही सगळे एकाच वेळी ट्रेमध्ये घालायला सांगणाऱ्या पाककृती थोड्या नाहीत.

भाजलेल्या भाज्या कोमट होईपर्यंत थांबावे. गरम फोडींखाली कोवळी पाने लगेच माना टाकतात. धुतलेली पाने स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडी करणे हे कंटाळवाणे काम आहे खरे, पण ओल्या पानांवर तेल धरत नाही आणि सारे ड्रेसिंग वाडग्याच्या तळाशी जाऊन बसते.

ड्रेसिंगसाठी तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हे प्रमाण रूढ आहे. भाजल्याने भाज्यांचा गोडवा उठून दिसतो, त्यामुळे येथे दोनास एक हे प्रमाण मला अधिक योग्य वाटते. मीठ आधी आंबट रसात विरघळवावे, कारण ते तेलात विरघळत नाही. मग चिमूटभर मोहरीची पूड आणि तेल घालून झाकणाच्या बरणीत जोराने हलवावे. मोहरीमुळे तेल आणि रस काही काळ एकजीव राहतात. पाने तेलाने लवकर मरगळतात, म्हणून हे ड्रेसिंग वाढायच्या क्षणीच घालावे. तेल पूर्णपणे वगळण्याचा सल्ला मात्र पटण्यासारखा नाही, कारण गाजर, भोपळा, टोमॅटो यांतील कॅरोटिनॉइड नावाची पिवळी-तांबडी रंगद्रव्ये शरीरात नीट शोषली जायला थोडा स्निग्धांश लागतोच.

एका बाबतीत मात्र पाककृतींतील मौन धोक्याचे आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवला, तर हवा न पोहोचणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष निर्माण करणारे जिवाणू वाढू शकतात, आणि ते विष चवीवरून वा वासावरून ओळखता येईलच असे नाही. लसूण घातलेले घरगुती ड्रेसिंग लागेल तेवढेच करावे, उरलेच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे, अन्यथा टाकून द्यावे. ही सूचना अशा प्रत्येक पाककृतीखाली ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक