घड्याळ कुणाचं? : आमच्या ट्रान्समिशनच्या सरांना एक उघड पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे मध्येच फोन ठेवता येणार नाही. शिवाय बीड, लातूर, परभणीकडची जी पोरं-पोरी आता ट्रान्समिशनमध्ये (फोन-इंटरनेटचे सिग्नल एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याच्या कामात) येतायत त्यांनीही हे वाचावं असं वाटतं. त्यांना पहिल्या दिवशीच सांगतात की एसडीएच (ठरल्या वेळेच्या सर्किटांवर चालणारं जुनं तंत्र) संपलं, आता सगळं पॅकेट. तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, "क्लॉक कुठून घेणार आहेस?" क्लॉक म्हणजे यंत्रांनी बिट कोणत्या चालीनं सोडायचे ते ठरवणारं घड्याळ.

आमच्याकडची जुनी एसटीएमची (एसडीएचच्या लाइनींची) रिंग काढून पॅकेट ट्रान्सपोर्टवर जायचं ठरलं, तेव्हा प्रेझेंटेशनमध्ये बँडविड्थ होती, पैसे किती वाचतील ते होतं, क्लॉक नव्हतं. तुम्ही रिटायर होऊन केजजवळ शेती करत होतात. ओळखीच्यांकडून नंबर मिळवून मी फोन केला आणि तुम्ही "ये रविवारी, पण कागद-पेन घेऊन ये, मोबाईलवर दाखवू नको" म्हणालात.

ओसरीवर बसून तुम्ही जे सांगितलं ते मी आता नव्या पोरांना जसंच्या तसं सांगते. सर्किट म्हणजे एसटी: सीट भरो न भरो, ठरल्या वेळेला फलाटावरून हलणार. पॅकेट म्हणजे काळी-पिवळी: भरली की निघाली, वाटेत गर्दी लागली की थांबली. "स्वस्त कोण पडतं ते मला सांगू नको," तुम्ही म्हणालात, "पण तुझ्या साहेबांना आता काळी-पिवळीकडून एसटीचं टाइमटेबल पाळून घ्यायचंय. ते कसं, तेवढं शिक."

कॉलेजात ही दोन प्रकरणं आम्हाला वेगवेगळ्या सेमिस्टरला होती. तुम्ही ती एका कागदावर मांडली. सर्किटची पायाभूत लाइन ई-वन, म्हणजे ६४ केबीपीएसचे ३२ टाइमस्लॉट, मिळून २.०४८ एमबीपीएस, दर १२५ मायक्रोसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला ८,०००. असे ६३ ई-वन एका एसटीएम-वनमध्ये. मग इंटरनेट आलं आणि आधी पॅकेटं सर्किटवर चढली. एक गिगाबिटचं इथरनेट एसडीएचवरून न्यायचं तर आख्ख्या एसटीएम-१६ची, म्हणजे जवळपास अडीच गिगाबिटची जागा अडायची आणि निम्म्याहून जास्त रिकामी जायची. व्हीकॅट (डबे जोडून हवी तेवढीच जागा करायची पद्धत) आलं आणि तेच काम सात व्हीसी-फोरमध्ये, म्हणजे एसडीएचच्या सात मोठ्या डब्यांत भागलं. बँकांच्या दहा एमबीच्या लाइनी तुम्ही लोकांनी पाच-पाच व्हीसी-बारा, म्हणजे लहान डबे, जोडून दिल्यात. जीएफपीनं पॅकेट बांधायचं, एलकॅसनं चालू लाइनीत जागा कमी-जास्त करायची. हे सगळं सर्किट-पॅकेटचं आताचं नवं लग्न जमायच्या कितीतरी आधीचं, हे कुणी सांगतच नाही.

आता उलटं झालंय. सर्किट पॅकेटवर चढलंय. ई-वनचे २५६ बाइट जमले की एक पॅकेट निघतं. म्हणजे मिलिसेकंदाला एक, सेकंदाला हजार. रात्री तीन वाजता त्या टॉवरवर कुणी बोलत नसलं तरी हजारच, कारण ई-वनला रिकामं राहणं माहीतच नाही. पलीकडच्या टोकाला ही पॅकेटं मागं-पुढं पोचतात, म्हणून तिथं बफर ठेवून ती एका चालीनं बाहेर सोडायची. आणि "ती चाल ठरवणारं घड्याळ कुणाचं?" इथं तुम्ही पेन खाली ठेवलं होतं. एसडीएचमध्ये बिटांबरोबर क्लॉक आपोआप यायचं, कुणाला मागावं लागायचं नाही. साधं इथरनेट ते देत नाही. प्रत्येक पोर्ट आपल्याच ऑसिलेटरवर चालतो आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही.

हे सगळं वहीत होतं, तरी कटओव्हरनंतर, म्हणजे लाइनी जुन्यावरून नव्यावर हलवल्यावर, तुमची गरज पडलीच. एका गावाच्या टॉवरचा ई-वन अधूनमधून तुटायचा. सगळे अलार्म क्लिअर, पिंग स्वच्छ. राउटरवाले म्हणत, आमच्याकडे एकही पॅकेट गळत नाही. टॉवरवाले म्हणत, तुमचा मीडिया (मधली लाइन) खराब. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, त्यामुळं भांडण मिटायचं काही लक्षण नव्हतं. शेवटी रात्री उशिरा तुम्हाला फोन लावला. तुम्ही हरभऱ्याला पाणी द्यायला गेला होतात, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. मागं मोटारीचा आवाज, आणि तुम्ही ओरडून विचारताय, "गडबड गर्दीच्या वेळेला होती का ठरल्या अंतरानं होती?"

हा एक प्रश्न त्या दिवसापर्यंत कुणीच विचारला नव्हता. लॉग काढून पाहिला तर दर ३३ मिनिटांनी एररचा झटका, संध्याकाळ असो की पहाट. मग तुम्ही बफर विचारला. आठ मिलिसेकंदांचा, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत चार. बांधावर उभं राहून तुम्ही हिशेब केलात: चार मिलिसेकंद सरकायला ३३ मिनिटं, म्हणजे साधारण २,००० सेकंद, म्हणजे सेकंदाला दोन मायक्रोसेकंद. दशलक्षात दोन भाग. "गर्दी नाही ही. कुठलातरी नोड (मधलं यंत्र) आपल्या मनानं चालतोय. मोकळ्या घड्याळाला दशलक्षात ४.६ भागांपर्यंत मुभा आहे, त्यात हे बरोबर बसतं. कामून शोधत बसता पॅकेटं? क्लॉकची साखळी बघ."

साखळी पाहिली. सिंक-ई (इथरनेटवरून क्लॉक नेणारी सोय) सगळीकडे चालू दाखवत होतं, पण मधल्या एका हॉपवर (टप्प्यावर) जुना स्विच बसवलेला, जो क्लॉक पुढं देतच नव्हता. त्याच्या पलीकडचा नोड किती दिवस आपल्याच ऑसिलेटरवर चालत होता देव जाणे. त्याचा अलार्म कुणीतरी आधीच मास्क करून (दाबून) ठेवलेला. सकाळी स्विच बाजूला काढून सरळ फायबर जोडला आणि नोडला रिंगच्या दोन्ही बाजूंनी क्लॉक दिलं. तेही देताना तुमचं वाक्य होतंच: "एसएसएम चालू ठेव, नाहीतर दोघं एकमेकांलाच टाइम विचारत बसतील." एसएसएम म्हणजे कुणाचं क्लॉक किती भरवशाचं ते सांगणारा निरोप. त्यानंतर तो ई-वन हललेला नाही.

नंतर तुम्ही मला ७२ दिवसांचा हिशेब करायला लावला. दोन मोठ्या नेटवर्कची मुख्य घड्याळं, प्रत्येकाची चूक जास्तीत जास्त दहा हजार कोटींत एक भाग, दोघं विरुद्ध दिशेला चुकत असले तर १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम घसरायला सुमारे ७२ दिवस लागतात. आमचा बफर तेहतीस मिनिटांत काठाला लागत होता. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की नव्या मुलाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

सर, तुमच्याबद्दल एक गैरसमज आहे, तोही इथंच काढते. लोकांना वाटतं, तुम्ही जुन्या रॅकच्या आठवणीत रमणारे. मग विजेच्या सबस्टेशनच्या चॅनलचं ऐका. दोन सबस्टेशनमधल्या लाइनचं डिफरन्शियल प्रोटेक्शन (दोन टोकांच्या करंटमध्ये फरक दिसला की लाइन बंद करणारं संरक्षण) त्या चॅनलवर चालतं. दोन्ही टोकांचे रिले एकमेकांना करंट कळवतात, आणि जायला-यायला लागलेल्या वेळेचा निम्मा म्हणजे एका बाजूचा वेळ असं धरून चालतात. जाण्यात आणि येण्यात एका मिलिसेकंदाचा फरक पडला तर अंदाज अर्ध्या मिलिसेकंदानं चुकतो. ५० हर्ट्झला पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं, म्हणजे अर्धा मिलिसेकंद म्हणजे नऊ अंश. लाइन ठणठणीत असताना रिलेला करंटमध्ये फरक दिसायला लागतो. साहेबांनी हा चॅनल पॅकेटवर हलवायच्या पहिल्या लॉटमध्येच घातला होता. तुमचा कागद दाखवला तेव्हा तो बाहेर निघाला.

पण तो कागद करून देतानाच तुम्ही म्हणालात, एसडीएच काही धुतल्या तांदळासारखं नाही. रिंगमध्ये फायबर तुटला आणि एकाच दिशेचा मार्ग दुसऱ्या बाजूनं वळला, तर तिथंही जाण्या-येण्यात फरक पडतोच. उलट एमपीएलएस-टीपीमध्ये (पॅकेटला सर्किटसारखं वागायला लावणाऱ्या तंत्रात) दोन्ही दिशा एकाच वाटेनं बांधून ठेवता येतात. आयटीयू आणि आयईटीएफ या दोन आंतरराष्ट्रीय मानक संस्थांनी २००८ पासून एकत्र बसून हे घडवलं, त्याच्या गरजांचा दस्तऐवज २००९चा, तोही तुम्हीच वाचायला लावलात. दर ३.३३ मिलिसेकंदाला एक छोटं तपासणीचं पॅकेट, सलग तीन आली नाहीत की वाट तुटली समजायचं, आणि ५० मिलिसेकंदांच्या आत दुसऱ्या वाटेनं. आमच्याकडे हायवेच्या कामाला जेसीबी आला की हे ५० मिलिसेकंद रोजच्या कामाला येतात. बीएसएनएलच्या सीपॅन या पॅकेट नेटवर्कलाही हाच एमपीएलएस-टीपी आहे. जुन्या लोकांनी जे सर्किटमध्ये पाळलं तेच पॅकेटवाल्यांनी नियम म्हणून लिहून घेतलं, हे तुम्ही अभिमानानं सांगता, आणि त्यात तुमचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

ओटीएनचं (मोठ्या फायबर मार्गांवरच्या वाहतुकीच्या तंत्राचं) प्रकरण तुम्ही दोन ओळींत गुंडाळलंत, मीही तसंच करते. त्याच्या पोटात एसटीएमही जातो, इथरनेटही जातं, दोघांनाही शेजारी कोण आहे ते कळत नाही. मोठ्या मार्गांवर खरी जोडणी तिथंच होतेय, पण आमच्या तालुक्यापर्यंत ते यायला वेळ आहे.

तुम्ही मला फीचं नाव काढू दिलं नाहीत. काकूंनी दरवेळी जेवू घालूनच सोडलं. वर मला निघताना विचारायचात, "घरी पोचायला अंधार होईल का?" आणि केजच्या स्टँडपर्यंत मोटरसायकलवर सोडायचात. त्याचे आभार वेगळे, ते काकूंना भेटून सांगेन. इथं मानायचे आहेत ते "घड्याळ कुणाचं?" या प्रश्नाचे, जो आता आमच्या प्रत्येक कटओव्हरच्या चेकलिस्टमध्ये सगळ्यात वर मराठीत लिहिलेला असतो. सही करायला आलेला वेंडरचा माणूस तो वाचून थांबतो आणि आम्हाला अर्थ विचारतो. मग त्याला चहा पाजून सगळं सांगावं लागतं.

दिवाळीनंतर सबस्टेशनच्या चॅनलची नव्या मार्गावर चाचणी आहे, दोन्ही दिशा एकाच वाटेनं बांधून. जुना एसटीएम तोवर काढणार नाही, तसं लेखी घेतलंय. जाण्या-येण्यातला फरक मायक्रोसेकंदात मोजून तो आकडा आधी तुम्हाला पाठवते, मग साहेबांना.

तुमची विद्यार्थिनी,
अंबाजोगाई